पायथॉनची एलएक्सएमएल: ओरडते तिथं चांगली, गप्प बसते तिथं सांभाळून

पायथॉन भाषेत एक्सएमएल, म्हणजे टॅगांच्या आत डेटा लिहिलेल्या फाइली, वाचायला एलएक्सएमएल (lxml) नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, तिचा हा रिव्ह्यू. आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येतंच आहे, आणि ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी तेवढंच वाचलं तरी चालेल.

आमचं काम साधं आहे, व्यापाऱ्यांसाठी छोटी बिलिंगची आणि रिपोर्टची सॉफ्टवेअरं, त्यात नाशिक-निफाडकडचे द्राक्ष एक्स्पोर्टवाले बरेच. नवीन जॉइन झालेली पोरं येतात ती म्हणतात सर एक्सएमएल आता कोण वापरतं, सगळं जेसन (डेटा पाठवायची नवी, हलकी पद्धत) झालंय. त्यांना अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या, बँकेच्या नाहीतर कुरिअरवाल्याच्या इंटिग्रेशनला बसवायचं, आठवडाभरात प्रश्न बंद. १९९८ साली स्टँडर्ड झालेली गोष्ट आहे, पण ज्या ज्या ठिकाणी पैशाचा आणि सरकारी कागदाचा संबंध येतो तिथं ती अजून ठाण मांडून बसलीय आणि आपल्या रिटायरमेंटपर्यंत हलेल असं वाटत नाही.

तर एलएक्सएमएल म्हणजे काय, तर सी भाषेत लिहिलेल्या लिबएक्सएमएल-टू आणि लिबएक्सएसएलटी या दोन जुन्या दमदार लायब्ररींवर सायथॉनमधून (पायथॉन आणि सी जोडणारी भाषा) चढवलेला पायथॉनचा कपडा. लिबएक्सएमएल-टू मूळची ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रोजेक्टमधली, डॅनियल वेयार यांनी सुरू केलेली. फुकट आहे, बीएसडी लायसन्स, कमर्शियल कामात बिनधास्त वापरा. पायथॉनमध्ये २००६ पासून, म्हणजे २.५ व्हर्जनपासून, एक्सएमएल वाचायचं स्वतःचं एलिमेंटट्री आहेच आणि एलएक्सएमएलची बोलायची पद्धत मुद्दाम तशीच ठेवलीय, त्यामुळं आधीचा कोड असेल तर वरची इम्पोर्टची ओळ बदलून बरंचसं चालून जातं. बरंचसं म्हणालो, सगळं नाही.

आता हातात धरून बघू. टेस्टसाठी मी नेहमी एकच फाइल घेतो, युरोपियन सेंट्रल बँकेची रोजच्या रेटची. फुकट आहे, लॉगिन नाही, की (key) नाही, आणि छोटी असून एक्सएमएलचे सगळे नखरे तिच्यात आहेत. एका युरोला किती डॉलर, किती येन, किती रुपये असे तीसेक चलनांचे रेट. तिथल्या घड्याळानं दुपारी चारच्या आसपास अपडेट होते, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. बँक स्वतःच सांगते की हे रेट फक्त माहितीसाठी आहेत, तेव्हा कस्टमच्या कागदावर हा रेट टाकू नका, तिथं सीबीआयसीचा, म्हणजे आपल्या कस्टमच्या केंद्रीय बोर्डाचा, लागतो. आम्ही तो शेठला स्क्रीनवर अंदाज दाखवायला वापरतो, कंटेनर रॉटरडॅमला पोचेपर्यंत रुपयात काय पडेल वगैरे.

फाइल उघडून बघा. सगळ्यात बाहेर एन्व्हलप नावाचा टॅग, त्याला गेसमेस असा प्रीफिक्स, म्हणजे नावाच्या आधी लागणारा शब्द. आत क्यूब, त्या क्यूबच्या आत परत क्यूब आणि त्याला टाइम म्हणून तारखेचा ॲट्रिब्यूट (टॅगच्या कंसातच लिहिलेली माहिती), त्याच्या आत परत क्यूबच, त्याला करन्सी आणि रेट. तिन्ही मजल्यांवर एकच नाव! ज्यानं डिझाइन केलं त्याला भेटायची इच्छा आहे. आणि क्यूबला प्रीफिक्स दिसत नाही म्हणून माणूस समजतो की हा साधा टॅग आहे, सरळ फाइंडऑलला, म्हणजे टॅग शोधणाऱ्या फंक्शनला, क्यूब देतो आणि हाताला येते रिकामी लिस्ट. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. लिस्ट रिकामी म्हणून लूप शून्य वेळा फिरतो, प्रोग्राम गुण्यागोविंदानं संपतो, लॉगमध्ये सक्सेस पडतं आणि डेटाबेसमध्ये मागचाच रेट तसाच बसलेला असतो. कोणाच्या लक्षात येत नाही जोपर्यंत शेठ फोन करून विचारत नाही की अरे युरो चार दिवस एकाच जागी कसा काय थांबलाय.

तर हा तो कापलेला स्टार. कारण असं आहे की क्यूबला प्रीफिक्स नसला तरी नेमस्पेस (टॅग कुठल्या कुळातला ते सांगणारा पत्ता) आहे, वर एन्व्हलपमध्येच डिफॉल्ट म्हणून जाहीर केलीय आणि ती खाली सगळ्यांना लागते. तुम्ही शोधताय बिननेमस्पेसचा क्यूब, तो फाइलमध्ये खरोखरच नाही, मग लायब्ररी खरं तेच सांगतेय, सापडलं नाही. नियमाप्रमाणं बरोबर आहे हो, पण रोज काम करणाऱ्याला हे बरोबर असणं महागात पडतं.

उपाय दोन. एक म्हणजे एक्सपाथ (टॅगपर्यंतचा रस्ता लिहून शोधायची भाषा) वापरायचं आणि नेमस्पेसची डिक्शनरी द्यायची, प्रीफिक्स तुमच्या मनाचा, ईसीबी ठेवा, काहीही ठेवा, फक्त समोरचा पत्ता अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. त्या पत्त्यात अजून बँकेचं जुनं डोमेन आणि २००२ ची तारीख आहे आणि तो बदलायचा नाही, कारण ते वेबसाइटचं पान नाही, नुसतं ओळखपत्र आहे. आमच्याकडं एका हुशारानं आजच्या डोमेनप्रमाणं तो सुधारून दिला होता. दुसरा उपाय म्हणजे महिरपी कंसात स्टारचं चिन्ह (*) टाकून कुठल्याही नेमस्पेसमधला क्यूब मागायचा, घाईच्या कामाला ठीक आहे, पण दोन नेमस्पेसमध्ये एकाच नावाचे टॅग असले की पंचाईत. आणि ॲट्रिब्यूटला डिफॉल्ट नेमस्पेस लागत नाही, म्हणजे करन्सी आणि रेट साधेच लिहायचे. हे कोणी सांगत नाही, मग लोक तिथंही प्रीफिक्स लावून बसतात आणि परत रिकामी लिस्ट.

गंमत म्हणजे तुम्ही आळस करून रूटची, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टॅगची, एनएसमॅप (नेमस्पेसची तयार यादी) तशीच्या तशी एक्सपाथला दिली तर मात्र लायब्ररी लगेच ओरडते, टाइप एरर, एक्सपाथमध्ये रिकामा प्रीफिक्स चालत नाही म्हणून. इथं ओरडता येतं ना बाई, मग मघाशी काय झालं होतं?

त्यामुळं आमचा नियम असा झालाय की सर्व्हिसकडून आलेल्या डेटातून काहीही शोधलं की पुढच्याच ओळीत मोजायचं. शून्य आले तर आपणच एक्सेप्शन फेकायचं. रुपया मिळालाच पाहिजे, एकच मिळाला पाहिजे, आणि टाइममधली तारीख वाचलीच पाहिजे, कारण शनिवार-रविवारी आणि तिकडच्या सुट्टीला फाइल तर मिळते पण आत आधीच्या कामकाजाच्या दिवसाचीच तारीख असते. आणि एखादं चलन कायम राहील असं धरू नका, रुबल मार्च २०२२ पासून बंद आहे, क्रोएशियाचं कुना २०२३ ला तिकडं युरो आल्यावर गेलं. रेट हातात येतो तो स्ट्रिंग म्हणून, तो सरळ डेसिमलमध्ये घाला, फ्लोटच्या (त्यात दशांश अंदाजे साठतात) नादाला लागू नका, पैशाचा मामला आहे.

आता जिथं ही बाई ओरडते आणि चांगलं करते ते सांगतो. समजा सर्व्हिसला कॉल मारला आणि रिस्पॉन्सचं टेक्स्ट उचलून पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या भागाला, दिलं. फाइलच्या डोक्यावर एन्कोडिंगची (अक्षरं बाइट्समध्ये कशी लिहिलीत त्याची) ओळ असेल तर एलएक्सएमएल सरळ नकार देते, व्हॅल्यू एरर, बाइट्स द्या म्हणते. नवीन माणसाला वाटतं काय कटकट आहे, पायथॉनचं आपलं एलिमेंटट्री तर मुकाट्यानं घेतं. पण ते मुकाट्यानं घेणंच घातक आहे. आम्हाला एका सर्व्हिसकडून पार्ट्यांची नावं मराठीत यायची, हेडरमध्ये नुसतं टेक्स्ट-एक्सएमएल लिहिलेलं, कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, दिलेला नाही, आणि अशा वेळी कॉल मारणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःच्या मनानं लॅटिन-वन हे युरोपियन अक्षरांचं एन्कोडिंग धरते. मग टेक्स्ट म्हणून जे मिळतं त्यात नाशिकच्या जागी फिरंगी मात्रा लागलेल्या अक्षरांची रांग. एलिमेंटट्री ही रांग आनंदानं पार्स करून देतं, वर घोषणा यूटीएफ-एटची का असेना. एलएक्सएमएलनं अडवल्यामुळं टेक्स्टच्या जागी कंटेंट, म्हणजे कच्चे बाइट्स दिले की पार्सर स्वतः पहिली ओळ वाचून एन्कोडिंग ठरवतो आणि नाशिक हे नाशिकच राहतं. या एका अडवणुकीसाठी मी तिला अर्धा स्टार जास्तच देईन.

एरर मेसेजपण कामाचे आहेत, ओळ आणि कॉलम नंबरसकट. रोजच्या वापरात चार-पाच चेहरेच ओळखीचे होतात. पहिल्या ओळीच्या पहिल्या कॉलमला स्टार्ट टॅग अपेक्षित होता असं आलं की समजायचं समोरून जेसन आलंय नाहीतर साधा टेक्स्ट मेसेज. उघडणारा आणि बंद होणारा टॅग जुळत नाही आणि त्यात बीआर नाहीतर बॉडी दिसतंय म्हणजे सेशन संपलंय आणि समोरच्यानं २०० म्हणजे सगळं ठीक असं स्टेटस देऊन लॉगिनचं एचटीएमएल पान पाठवलंय, हा प्रकार फार. डिक्लेरेशन सुरुवातीला नाही असं आलं म्हणजे कोणीतरी पीएचपी फाइलच्या वर एक रिकामी ओळ सोडलीय. हे सगळं पार्सरपर्यंत जायच्या आधीच स्टेटस आणि कंटेंट टाइप तपासून थांबवावं हे खरं, पण माणूस कुठं एवढं करतो, आणि एरर पडलीच तर कच्चा रिस्पॉन्स फाइलमध्ये टाकून ठेवायची सवय लावा, नाहीतर समोरचा सपोर्टवाला "आमच्याकडून बरोबर जातंय सर" एवढंच म्हणत राहणार.

चौथा चेहरा म्हणजे अँडचं चिन्ह (&). आपल्याकडच्या दुकानांची नावं कशी असतात, पाटील अँड सन्स, जोशी अँड कंपनी, आणि मध्ये ते चिन्ह. एक्सएमएलमध्ये ते नुसतं लिहायचं नसतं, एस्केप करायचं, म्हणजे कोड करून लिहायचं असतं, पण स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवणारे महाभाग भरपूर आहेत. मग पार्सर म्हणतो एंटिटीला (त्या चिन्हानं सुरू होणाऱ्या कोडला) नावच नाही. इथं लोक इंटरनेटवर शोधतात आणि उत्तर मिळतं पार्सरला रिकव्हर ट्रू करा, म्हणजे चूक आली तरी तो पुढं जाईल. केलं की एरर गेली, सगळे खूश.

थांबा. रिकव्हर म्हणजे लायब्ररीला गप्प बसायचे पैसे देणं आहे. पाटील आणि सन्समधलं चिन्ह गळून जातं, ते एक वेळ चाललं. पण चिन्हाला चिकटून, स्पेस न सोडता अक्षरं असतील तर पार्सर त्यांना एंटिटीचं नाव समजतो आणि तीही जातात, म्हणजे पार्टीचं अर्धं नाव साफ. आणि लेजरमध्ये नाव जुळलं नाही की तुमच्या कोडनं नवीन पार्टी उघडलेली असते, वर्षाखेरीला सीए हातात कागद घेऊन उभा. रिकव्हर वापरायचंच असेल तर पार्सरचा एररलॉग वाचा, त्यात काय काय डागडुजी केली ते सगळं नोंदवलेलं असतं, आणि तो रिकामा नसेल तर ते रेकॉर्ड बाजूला काढून माणसाला दाखवा. आम्ही शक्यतो दुरुस्ती पार्सरच्या आधी करतो, बाइट्सवरच, आणि किती ठिकाणी केली तो आकडा लॉगमध्ये.

याच्याहून भारी केस एका अकाउंटिंग पॅकेजची, नाव घेत नाही. त्याच्या एक्सएमएलमध्ये अधूनमधून अँड, हॅश, चार, सेमीकोलन असं येतं, म्हणजे कंट्रोल कॅरेक्टर नंबर ४. एक्सएमएल १.० मध्ये टॅब, नवीन ओळ आणि कॅरेज रिटर्न सोडलं तर ३२ च्या खालचं काहीच चालत नाही, असं कोड करून लिहिलं तरी नाही. म्हणजे ते पॅकेज जे देतं ते नियमानं एक्सएमएलच नाही. एलएक्सएमएल तिथं बरोबर अडते. छोटासा रेजेक्स (अक्षरांचा नमुना शोधणारा कोड) लावून ते उडवायचं आणि पुढं जायचं, दुसरा इलाज नाही, पॅकेजवाले बदलणार नाहीत.

गप्प बसण्याचा अजून एक नमुना आहे आणि तो मला नेमस्पेसपेक्षा जास्त डाचतो. फाइंडनं एलिमेंट (टॅग आणि त्याच्या आतलं सगळं) शोधला आणि पायथॉनच्या सवयीप्रमाणं इफ एलिमेंट असं लिहिलं. एलिमेंट सापडला असला तरी त्याला पोटात दुसरे टॅग नसतील, नुसतं टेक्स्ट असेल, तर तो फॉल्स धरला जातो. म्हणजे रक्कम आहे, टॅग आहे, पण तुमचा कोड म्हणतो नाही. फ्यूचर वॉर्निंग येते म्हणा, पण सर्व्हरवर वॉर्निंग कोण बघतंय. इज नॉट नन असं पूर्ण लिहायची सवय लावणं एवढंच हातात. कोड रिव्ह्यूमध्ये मी हे एवढं एकच हमखास शोधतो.

मोठ्या फाइलला इटरपार्स आहे, ते मस्त चालतं. त्याच बँकेची जुन्या रेटची फाइल घ्या, ४ जानेवारी १९९९ पासूनचा दर कामकाजाचा दिवस तिच्यात आहे, रुपया मात्र २००९ पासून. इटरपार्स एकेक एलिमेंट संपला की तुमच्या हातात देतं, तुम्ही काम झालं की क्लिअर करायचं, मेमरी फुगत नाही. पण इथं ते एकाच नावाचे तीन मजले परत आडवे येतात. क्यूबवर फिल्टर लावला की आधी आतले चलनाचे क्यूब संपतात, प्रत्येकाला क्लिअर मारलंत तर त्यांचे ॲट्रिब्यूटपण पुसले जातात, आणि तारखेचा क्यूब संपून हातात येतो तेव्हा पोटातली पोरं आहेत पण कोरी. म्हणून टाइम ॲट्रिब्यूट असलेला क्यूब आला तरच क्लिअर करायचं. किंवा चलनाच्या क्यूबवरूनच गेटपेरेंट करून वरची तारीख विचारायची, ही सोय एलिमेंटट्रीमध्ये नाही, आणि एकदा सवय लागली की परत तिकडं जाववत नाही.

मर्यादापण आहे. एका टेक्स्ट नोडमध्ये एक कोटी बाइट्सच्या वर गेलात की ह्यूज टेक्स्ट नोड म्हणून एरर. वाटतं एवढं कोण पाठवणार, पण स्कॅन केलेल्या कागदांची पीडीएफ बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, टॅगमध्ये कोंबणारे आहेत. ह्यूजट्री ट्रू केलं की चालतं, पण ती मर्यादा सुरक्षेसाठी आहे, तेव्हा ज्या सर्व्हिसवर विश्वास आहे तिच्यापुरतंच करा.

स्कीमा तपासणी, म्हणजे एक्सएसडी नावाच्या नियमांच्या फाइलशी ताडून बघणं, आतच येते आणि ती फार कमी लोक वापरतात. समोरच्यानं एक्सएसडी दिली असेल तर आपण पाठवायच्या आधी आपलंच एक्सएमएल तिच्यातून काढायचं, कुठल्या ओळीला काय चुकलं ते लगेच कळतं, तिकडून दोन दिवसांनी रिजेक्ट येण्यापेक्षा बरं. एक्सपाथ मात्र १.० च आहे, नवीन व्हर्जनची फंक्शन शोधत बसू नका. सोप (SOAP) नावाच्या, एक्सएमएलमधूनच बोलणाऱ्या पद्धतीच्या सर्व्हिसला हातानं एन्व्हलप बांधत बसायची गरज नाही, झीप नावाची लायब्ररी घ्या, ती आतून हीच वापरते. ऑब्जेक्टिफाय म्हणून एक मॉड्यूल आहे, दिसायला सोपं, टॅगला डॉट लावून वाचता येतं, पण ते आकडा दिसला की आकडा करून टाकतं आणि खाते नंबराच्या पुढची शून्यं गेली, त्यामुळं पैशाच्या कामाला नको.

एक्सएमएल-टू-डिक्ट या दुसऱ्या लायब्ररीशी तुलना लोक विचारतात. छोट्या कामाला ती सोपी आहे, वाद नाही, दोन ओळीत डिक्शनरी हातात. फक्त बिलात आयटम एक असेल तर डिक्शनरी येते आणि दोन असतील तर लिस्ट, आणि टेस्टिंगला आपण नेमकं दोन आयटमचं बिल घेतो. फोर्सलिस्ट लावलं की भागतं, पण ते लावायचं आठवलं पाहिजे. रोज चालणाऱ्या, दुसऱ्याच्या भरवशावर असलेल्या सर्व्हिसला मी एलएक्सएमएलच घेईन.

इन्स्टॉलचा त्रास आता राहिला नाही, पूर्वी लिनक्सवर डेव्हलपमेंट पॅकेजं आधी टाकून कंपाइल करत बसावं लागायचं, आता विंडोजसकट तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) मिळतात.

जुनं व्हर्जन चालवत असाल तर मात्र बदला. ५.० च्या आधी पार्सर बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणाऱ्या, एंटिटीसुद्धा डिफॉल्टनं उघडायचा, म्हणजे कोणी मुद्दाम बनवलेलं एक्सएमएल पाठवलं तर तुमच्या सर्व्हरवरची लोकल फाइल वाचून त्यात घुसवता यायची. ५.० पासून फक्त आतल्या एंटिटी उघडतात. जुन्यावरच अडकला असाल तर रिझॉल्व्ह एंटिटीज फॉल्स हे पार्सर बनवतानाच द्या. आणि खालच्या लिबएक्सएमएल-टूचंही व्हर्जन बघत जा, ती इतकी वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक सांभाळतायत, २०२५ मध्ये तर तिच्या मेंटेनरनं जाहीर सांगून टाकलं की सिक्युरिटीचे बग आता वेगळे घाईनं हाताळणार नाही, बाकीच्या बगसारखेच जमेल तेव्हा. अर्धं जग ज्याच्यावर चालतं ते फुकट मिळतं म्हटल्यावर त्याला दोष तरी काय देणार. व्हीलमध्ये ती आतच भरून येते, त्यामुळं सिस्टीमचं पॅकेज अपडेट केलं म्हणून एलएक्सएमएलच्या आतली बदलत नाही, एलएक्सएमएलच नवीन टाकावी लागते. आतली कुठली आहे ते एलएक्सएमएलच्या ईट्री मॉड्यूलमध्येच लिबएक्सएमएल व्हर्जन म्हणून छापून बघता येतं.